संशयाचे मोल : विक्रीपूर्वी घरावर होणारा खर्च आणि मुर्ध्यातील घरे

घर विकायचे ठरले की त्यामागोमाग दुसरा प्रश्न येतो : आहे त्या स्थितीत ते बाजारात आणावे, की आधी रंगकाम, नवी लादी, नवा ओटा, न्हाणीघराची नवी मांडणी असा खर्च करून मग किंमत सांगावी. हा प्रश्न बहुतेक घरांत नातेवाइकांच्या सल्ल्याने, दलालाच्या आग्रहाने किंवा शेजारच्या एखाद्या व्यवहाराच्या ऐकीव आकड्याने सुटतो. केलेला खर्च किमतीत भरून निघतो हे गृहीतक मात्र लाखो रुपये त्याच्या भरवशावर खर्च होऊनही तपासलेच जात नाही. प्रस्तुत लेखाची भूमिका अशी की, मीरा-भाईंदर शहराच्या पश्चिमेकडील मुर्ध्यासारख्या ठिकाणी, जिथे घराच्या किमतीचा मोठा भाग जमीन, स्थान आणि कागदपत्रे यांतून येतो, तिथे खरेदीदाराच्या मनातला संशय काढून टाकणारा खर्च बहुधा परत मिळतो आणि त्याच्या आवडीचा अंदाज बांधून केलेला खर्च बहुधा बुडतो.

या विवेचनात खर्चाचे तीन प्रकार वेगळे धरले आहेत. जे बिघडले ते पूर्ववत करणे ही दुरुस्ती : गळणारे न्हाणीघर, सुटलेला गिलावा, गंजलेली पाण्याची नळी. जे नव्हते ते नव्याने घालणे ही सुधारणा : वाढीव खोली, साठवणीची टाकी, संपूर्ण नवे वायरिंग. आणि जे चालते आहे ते अधिक देखणे करणे ही सजावट : पीओपीचे फॉल्स सिलिंग, मॉड्युलर किचन, भिंतीवरचे लाकडी काम. प्रत्यक्षात हे तिन्ही खर्च एकाच ठेकेदाराच्या एकाच अंदाजपत्रकात मिसळलेले असतात, आणि त्यामुळे मालकाला आपण नेमके कशासाठी पैसे देत आहोत हे दिसेनासे होते.

भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुर्धा, राई, मोर्वा ही गावे ओळीने लागतात. एका बाजूला खाडी, खारफुटी आणि मिठागरांचा प्रदेश, दुसऱ्या बाजूला स्थानकाकडून सरकत आलेले शहर, आणि मध्ये पिढ्यान्‌पिढ्या मीठ व भात पिकवलेल्या आगरी कुटुंबांची जुनी वस्ती, अशी या पट्ट्याची रचना आहे. मीरा-भाईंदर नगरपरिषद १९८५ साली स्थापन झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी तिची महानगरपालिका झाली. ग्रामपंचायतीच्या काळातले घर, बैठ्या चाळीतली खोली आणि सहकारी गृहनिर्माण संस्थेतली सदनिका हे तिन्ही प्रकार आज एकाच परिसरात विक्रीला येतात. या तिघांचे गणित एक नाही, आणि सदनिकेसाठी योग्य असलेला सल्ला गावठाणातल्या घराला लावला तर तो थेट नुकसानीचा ठरू शकतो.

हे गणित समजून घ्यायला अर्थशास्त्रातला एक विचार उपयोगी पडतो. केल्विन लँकेस्टर यांनी १९६६ मध्ये असे मांडले की ग्राहक वस्तू विकत घेतो तेव्हा वस्तुतः तिच्या गुणविशेषांचा समुच्चय विकत घेत असतो. शर्विन रोझेन यांनी १९७४ मध्ये त्यावरून बाजारातील किमतींची उपपत्ती उभी केली. घराच्या बाबतीत स्थानकापासूनचे अंतर, चटई क्षेत्र म्हणजे भिंतींच्या आत प्रत्यक्ष वापरता येणारी जागा, मजला, लिफ्ट, पाण्याची वेळ, इमारतीचे वय, मालकीहक्काची स्वच्छता हे असे गुणविशेष होत, आणि प्रत्येकाची एक न सांगितलेली किंमत एकूण किमतीत दडलेली असते. या उपपत्तीतून निघणारी गोष्ट साधी असली तरी विक्रेत्याच्या अंतःप्रेरणेच्या विरुद्ध जाते : एखाद्या गुणविशेषाची किंमत तो निर्माण करायला आलेल्या खर्चावरून ठरत नाही; पुढच्या माणसाला तो किती हवा आहे आणि दुसरीकडे तो किती सहज मिळतो यावरून ठरते. चार लाखांचे लाकडी काम ज्याला नको आहे, त्याच्या लेखी ते उखडून काढण्याची मजुरी हा उलट खर्चच असतो.

मुर्ध्यात यापैकी सर्वांत जड गुणविशेष मालकाच्या हातात नाहीतच. हेन्री जॉर्ज यांनी १८७९ साली ‘प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी’ या ग्रंथात जमिनीचे मूल्य आणि जमिनीवरील बांधकामाचे मूल्य यांत जो भेद केला, तो इथे विशेष लागू पडतो : बांधकाम मालकाच्या श्रमाने आणि पैशाने उभे राहते व दरवर्षी झिजते, तर जमिनीचे मूल्य भोवतालच्या समाजाच्या वाढीने चढते. दहिसरहून मीरा-भाईंदरकडे येणाऱ्या मेट्रो ९ ची कारशेड आधी राई, मुर्धा, मोर्वा या भागात प्रस्तावित होती. ग्रामस्थांनी घरे आणि शेतजमिनी जाण्याच्या भीतीने तिला विरोध केला आणि पुढे ती डोंगरीकडे नेण्याचे ठरले, जिथे झाडांच्या प्रश्नावरून पुन्हा विरोध उभा राहिला. त्या काळात मुर्ध्यातल्या घराच्या किमतीचे भवितव्य नकाशावरच्या एका रेषेत अडकलेले होते, आणि कोणत्याही मालकाने बसवलेली व्हिट्रिफाइड लादी त्या रेषेपुढे काहीच ठरवू शकत नव्हती. मीरा-भाईंदरसाठी दररोज २१८ दशलक्ष लिटर पाणी आणण्याची सूर्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजना हेही याच जातीचे उदाहरण होय : पाणी नियमित आले तर त्या परिसरातील प्रत्येक घराचे मोल वाढते, आणि त्यासाठी कोणा एका मालकाने स्वतःच्या खिशातून काही घातलेले नसते. याचा व्यावहारिक निष्कर्ष असा की, किमतीचा मोठा हिस्सा ज्या गोष्टींनी ठरतो त्या बदलता येत नसतील, तर उरलेल्या लहान हिश्श्यावर किती खर्च करायचा याला मर्यादा असलीच पाहिजे.

सदनिकेच्या बाबतीत ही मर्यादा आकड्यांत दाखवता येते, आणि ती दाखवण्यासाठी किमतीला कोण कोण हात लावतो हे पाहावे लागते. राज्य शासन दरवर्षी बाजारमूल्याचे दर तक्ते प्रसिद्ध करते. लोक त्यांना रेडी रेकनर म्हणतात. त्यांत विभागानुसार दर चौरस मीटरचा भाव दिलेला असतो आणि इमारतीचे वय, मजला, लिफ्ट यांनुसार त्यात घट किंवा वाढ होते, पण ओट्यावर ग्रॅनाइट आहे की कडाप्पा याची नोंद घेणारा रकाना त्यांत नाही. दुसरा हात बँकेच्या मूल्यांककाचा. गृहकर्ज देताना बँक हा तज्ज्ञ पाठवते आणि तो क्षेत्रफळ, परिसरातील अलीकडचे व्यवहार, इमारतीचे उर्वरित आयुष्य आणि मंजूर नकाशा पाहून मूल्य ठरवतो. सुटे फर्निचर आणि सजावट तो बाजूला ठेवतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांहून अधिक आणि ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला मालमत्तेच्या मूल्याच्या ८० टक्क्यांची कमाल मर्यादा आहे, आणि मुद्रांक शुल्क व नोंदणी शुल्क सामान्यतः त्या मूल्यात धरले जात नाहीत.

आता एक काल्पनिक सदनिका घेऊ, जिचे मूल्य आहे त्या स्थितीत ६० लाख रुपये आहे. मुद्रांक शुल्क ७ टक्के आणि नोंदणी शुल्क कमाल मर्यादेचे म्हणजे ३० हजार रुपये धरले, तर खरेदीदाराला कर्ज ४८ लाखांचे मिळते आणि त्याने स्वतः उभी करायची रक्कम १२ लाख, ४ लाख २० हजार आणि ३० हजार मिळून १६ लाख ५० हजार होते. विक्रेत्याने ५ लाखांची सजावट केली आणि किंमत ६५ लाख सांगितली, पण मूल्यांकक ६० लाखांवरच थांबला, तर कर्ज तेवढेच राहते. खरेदीदाराला मात्र १७ लाख, ४ लाख ५५ हजार आणि ३० हजार मिळून २१ लाख ८५ हजार रोख उभे करावे लागतात. म्हणजे किंमत आठ टक्क्यांच्या आसपास वाढली, पण खरेदीदाराचा खरा भार सुमारे एक तृतीयांशाने वाढला, आणि विक्रेत्याच्या आवडीच्या लादीवर त्याला मुद्रांक शुल्कही भरावे लागले. भाईंदर पश्चिमेत पहिले घर घेणारे कुटुंब बहुधा याच रोख रकमेच्या काठावर उभे असते. दागिने, भविष्य निर्वाह निधी आणि गावाकडची मदत एकत्र करून ते साडेसोळा लाखांपर्यंत पोहोचते आणि तिथे अडते. महागडी सजावट केलेले घर अशा कुटुंबाला आवडते, पण परवडणाऱ्या घरांच्या यादीतून ते त्यांना वगळावे लागते. सजावटीने विक्रेत्याचे संभाव्य ग्राहक कमी होऊ शकतात ही गोष्ट दलाल क्वचितच सांगतो.

यात वेळेचीही भर पडते. लादी उखडणे, गिलावा, पुट्टी, रंग, सुतारकाम असे मोठे काम तीन महिने सहज खाते. ६० लाखांवर वार्षिक ७ टक्के व्याज धरले तर एका महिन्याची प्रतीक्षा ३५ हजार रुपयांची आणि तीन महिन्यांची १ लाख ५ हजारांची होते. ठेकेदाराच्या बिलात ही रक्कम कुठेच दिसत नसल्याने तिचा हिशेब बहुतेक घरांत धरला जात नाही.

कराची बाजू थोडक्यात पण नेमकी समजून घेणे आवश्यक आहे. घर २४ महिन्यांहून अधिक काळ मालकीचे असेल तर विक्रीतला नफा दीर्घकालीन भांडवली नफा ठरतो. २३ जुलै २०२४ पासून त्यावर १२.५ टक्के दराने, महागाईची वजावट न देता, कर आकारला जातो, आणि त्या दिनांकापूर्वी घेतलेल्या घराबाबत निवासी व्यक्तीला जुन्या पद्धतीने, म्हणजे महागाई निर्देशांकाची वजावट घेऊन २० टक्के दराने येणाऱ्या कराशी तुलना करून कमी भार स्वीकारता येतो. नफा काढताना सुधारणेचा भांडवली खर्च वजा होतो, परंतु त्यासाठी तो खरोखर घरात भर घालणारा किंवा बदल करणारा असावा लागतो. नेहमीचे रंगकाम आणि किरकोळ डागडुजी यांना ही वजावट मिळणे कठीण, आणि सुटे फर्निचर तर घराचा भागच नव्हे. शिवाय पावती हवी. मजुरी रोखीने देऊन, कच्च्या चिठ्ठीवर ५ लाखांचे काम झाले आणि किंमत ५ लाखांनी वाढलीही, तरी कागदावर तो सारा नफाच दिसतो आणि चार टक्के उपकर धरून त्यावर ६५ हजारांपर्यंत कर लागू शकतो. पिढीजात घरांबाबत आणखी एक नियम महत्त्वाचा : १ एप्रिल २००१ पूर्वी मिळालेल्या मालमत्तेसाठी मूळ खर्चाऐवजी त्या दिवशीचे वाजवी बाजारमूल्य धरता येते, पण त्या दिवसाआधी केलेल्या सुधारणा हिशेबात येत नाहीत, कारण त्या सुधारणा बाजारमूल्यातच सामावल्या आहेत असे कायदा मानतो.

इथवर जे आले ते खर्चाच्या विरोधात जाते. परंतु जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे जे विश्लेषण केले आणि ज्या विचारपरंपरेसाठी त्यांना २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, ते या प्रश्नाची दुसरी बाजू उघडते. विक्रेत्याला वस्तूतील दोष ठाऊक असतात आणि खरेदीदाराला नसतात, तेव्हा खरेदीदार सर्वच वस्तूंत दोष आहे असे धरून भाव पाडतो, आणि चांगल्या वस्तूच्या मालकालाही त्या संशयाचा दंड भरावा लागतो. घरात हा दंड सर्वाधिक पाण्याच्या खुणेवर बसतो. मुर्ध्याच्या हवेत खाडीचा खारेपणा आहे. काँक्रीटच्या भेगांतून क्षार आणि ओल आत गेली की सळई गंजते, गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असल्याने भोवतालचे काँक्रीट फुटते, आणि स्लॅबचे पोपडे पडू लागतात. छताच्या कोपऱ्यात वीतभर ओलीचा डाग दिसला की खरेदीदार त्या डागाच्या दुरुस्तीचा खर्च वजा करत नाही. संपूर्ण इमारत खचलेली असेल या भीतीची किंमत वजा करतो, आणि ती दुरुस्तीच्या कितीतरी पट असते. या फरकातच विक्रेत्याचा खरा परतावा दडलेला आहे. तीस-चाळीस हजारांच्या वॉटरप्रूफिंगने दोन-तीन लाखांची घासाघीस टळू शकते, आणि असे गुणोत्तर कोणत्याही मॉड्युलर किचनला साधणार नाही.

मात्र दुरुस्ती आणि झाकपाक यांतील अंतर खरेदीदार ओळखतो. विक्रीच्या आदल्या आठवड्यात मारलेला ताजा रंग हा आज संशय वाढवणारा पुरावा झाला आहे, आणि ओलीवर चढवलेला रंग पुढच्या जूनपर्यंत टिकत नाही हे कोकणपट्टीत राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. म्हणून इथे दुरुस्तीचा क्रम ऋतूवर बसवणे शहाणपणाचे ठरते : न्हाणीघराचा कोबा, नळांचे सांधे, खिडकीखालच्या भेगा ही कामे मेपर्यंत उरकावीत, घर एक पावसाळा पाहू द्यावे आणि दसऱ्यानंतर बाजारात आणावे. पावसाळा कोरडा काढलेले छत, ठेकेदाराची दिनांकित पावती आणि हमीपत्र एकत्र दाखवता आले, तर ते रंगाच्या तीन हातांपेक्षा अधिक पटणारे असते. इथे नीतीबरोबर कायद्याचाही प्रश्न आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार विक्रेत्याला ठाऊक असलेला आणि खरेदीदाराला सर्वसाधारण काळजीने दिसू न शकणारा महत्त्वाचा दोष सांगणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे, आणि तो दडवणे ही फसवणूक ठरू शकते. झाकण्यासाठी केलेला खर्च हा म्हणून घाट्याचाच असतो, किंमत मिळाली तरी.

संशयाचा मोठा वाटा सदनिकेच्या दाराबाहेर असतो. अमेरिकेत अनेक वर्षे प्रसिद्ध होत आलेल्या खर्च आणि मूल्य यांच्या तुलनात्मक अहवालांत गॅरेजचे किंवा प्रवेशाचे दार बदलण्यासारखी बाहेरून दिसणारी साधी कामे वरच्या क्रमांकावर आणि उंची स्वयंपाकघरे बरीच खाली आढळतात. तो निष्कर्ष जसाच्या तसा भाईंदरला आणता येत नाही, कारण तिथे घराचा दर्शनी भाग मालकाचा असतो आणि इथे तो संस्थेचा असतो. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्ची, बाहेरच्या भिंती आणि सामाईक नळांतून होणाऱ्या गळतीची दुरुस्ती संस्थेने करायची असते. १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे संरचनात्मक लेखापरीक्षण, म्हणजे तिच्या खांब, तुळया व स्लॅबची तज्ज्ञांकडून होणारी तपासणी, दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी व्हायला हवे. वरच्या मजल्यावरील सभासदाने गच्चीच्या गळतीवर घरातून पैसे ओतत राहण्यापेक्षा सर्वसाधारण सभेत हा विषय लावून धरणे त्याच्या विक्री किमतीसाठी अधिक उपयोगी आहे. तीच गोष्ट मानीव अभिहस्तांतरणाची. विकासकाने जमिनीची मालकी संस्थेच्या नावे करून दिली नाही, तर १९६३ च्या मालकी हक्काच्या सदनिकांविषयीच्या महाराष्ट्र कायद्यातील (मोफा) तरतुदीनुसार सक्षम प्राधिकाऱ्याकडून ती करून घेता येते. ज्या इमारतीला हे हस्तांतरण मिळाले आहे तिथल्या सदनिकेला पुनर्विकासाची आशा किमतीत मिळते, आणि ज्या इमारतीत पुनर्विकासाची चर्चा सुरू झाली आहे तिथे आतल्या सजावटीचे मूल्य जवळपास शून्यावर येते, कारण नव्या इमारतीत मिळणारी जागा जुन्या चटई क्षेत्रावरून ठरते आणि फॉल्स सिलिंग मलब्यात जाते.

सुधारणा उलटी अंगावर येण्याचा प्रसंग मंजूर नकाशाशी निगडित आहे. दिवाणखाना मोठा दिसावा म्हणून काढलेली भिंत, खोलीत घेतलेली गॅलरी, न्हाणीघराची हलवलेली जागा हे बदल मालकाला अभिमानाचे वाटतात, परंतु बँकेचा मूल्यांकक नकाशा हातात घेऊन येतो तेव्हा तेच बदल त्याच्या अहवालात आक्षेप म्हणून उतरतात. चाळीवर किंवा बैठ्या घरावर परवानगीशिवाय चढवलेल्या मजल्याचे तसेच. महानगरपालिका अधिनियमाखाली अनधिकृत बांधकामावर मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती लागू शकते, आणि शास्ती भरल्याने बांधकाम नियमित होत नाही. खर्च करून घराचे मोल घटवण्याचा हा सर्वांत सरळ मार्ग आहे.

सजावटीच्या बाजूने एक युक्तिवाद गंभीरपणे घ्यावा असा आहे. पहाटे भाईंदरहून चर्चगेटची गाडी पकडणाऱ्या, दोघेही नोकरी करणाऱ्या जोडप्याला सुतार आणि रंगाऱ्यांच्या मागे तीन महिने धावणे शक्य नसते. त्यांना लगेच राहता येईल असे घर हवे असते आणि त्यासाठी ते अधिक पैसे मोजतात. हे खरे आहे, पण ते किती अधिक मोजतात याचीही कमाल मर्यादा आहे : काम चालू असताना दुसरीकडे भरावे लागणारे भाडे, अधिक त्या कामाचा नेहमीचा खर्च, अधिक काही मनस्ताप. विक्रेत्याने उंची साहित्य वापरले म्हणून ही बेरीज वाढत नाही. यावरून सोयीचा परतावा साध्या कामांना मिळतो असे दिसते : हलका एकसारखा रंग, चालणारे सगळे नळ व खटके, तुटलेल्या काचा बदललेल्या, माळ्यावरचे सामान काढून मोकळी केलेली खोली. यांपैकी बरीच कामे काही हजारांत होतात आणि किंमत वाढवण्यापेक्षा विक्री लवकर घडवतात, जे वर दिलेल्या व्याजाच्या हिशेबात महिन्याला ३५ हजारांचे काम आहे.

गावठाणातल्या घराकडे वळताच हे सारे आकडे बाजूला ठेवावे लागतात. मुर्ध्यातले जुने कौलारू घर विकत घेणारा माणूस बहुधा त्यात राहायला येत नाही. तो खालची जागा घेतो आणि घर पाडतो. पाडल्या जाणाऱ्या घराला नवी कौले घालणे किंवा शहाबादीच्या जागी लादी बसवणे हा शुद्ध तोटा आहे. याउलट त्या घराची एक सुधारणा अशी आहे की जिचा परतावा इतर कोणत्याही कामाच्या पुढे जाईल, आणि ती कागदावरची आहे. गावठाणातील अनेक घरांना सातबारा नसतो. नगर भूमापन झाले असेल तर मिळकत पत्रिका असते, नाहीतर मालकीचा आधार म्हणून कर आकारणीचा उतारा पुढे केला जातो, जो कर कोण भरतो एवढेच सांगतो आणि मालकी सिद्ध करत नाही. आजोबांच्या नावावर थांबलेली नोंद, लग्न होऊन गेलेल्या आत्या आणि बहिणींची न लागलेली नावे, शेजारच्या अंगणाशी न मोजलेली हद्द अशा स्थितीत घर बाजारात आणले तर बँक कर्ज देत नाही आणि उरतो तो रोखीचा, भाव पाडणारा ग्राहक. हिंदू उत्तराधिकार अधिनियमातील २००५ ची सुधारणा आणि तिचा अर्थ स्पष्ट करणारा सर्वोच्च न्यायालयाचा ११ ऑगस्ट २०२० चा विनीता शर्मा खटल्यातील निकाल यांच्यानंतर मुलींचा जन्मसिद्ध वाटा वगळून केलेला व्यवहार टिकेल असे कोणताही जाणता वकील सांगणार नाही. वारस नोंद, मोजणी, बहिणींची खरी संमती, आणि त्या राजीखुशीने हक्क सोडत असतील तर नोंदणीकृत हक्कसोड पत्र, यांवरचा खर्च सजावटीच्या मानाने लहान असतो. त्याच्या जोडीला जागा सागरी किनारा नियमन क्षेत्रात येते का, विकास आराखड्यात रस्त्याखाली किंवा आरक्षणाखाली जाते का, याची लेखी माहिती आधी घेऊन ठेवली तर खरेदीदाराचा दुसरा मोठा संशय मिटतो. उत्तर प्रतिकूल असले तरी ते बोलणी अर्ध्यावर आल्यानंतर कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

सुधारणेचे मोल कोणाचे, हा प्रश्न या परिसराला नवा नाही. ब्रिटिश सरकारने १८७० मध्ये भाईंदर, मिरे आणि घोडबंदर ही गावे रामचंद्र लक्ष्मणजी यांना ९९९ वर्षांच्या पट्ट्याने दिली. खाडीचे खारे पाणी शेतांत शिरू नये म्हणून बांध घालणे व राखणे हे त्या व्यवस्थेशी जोडलेले होते आणि त्या बदल्यात पिकात वाटा होता. ते हक्क पुढे एका खासगी कंपनीकडे आले, आणि भाताची खाचरे जाऊन तिथे इमारती उभ्या राहिल्या तरी जमिनीच्या अभिलेखातील नोंदी आणि ना-हरकत दाखल्यांच्या रूपाने तो दावा शहरात वादाचा विषय राहिला. जमिनीत एकदा घातलेली सुधारणा तिच्या मूळ उपयोगापेक्षा अधिक काळ हक्क म्हणून जगू शकते, याचे इतके ठळक उदाहरण महाराष्ट्रात क्वचित मिळेल. उलट टोकाचे उदाहरण मुंबई बेटावर आहे : १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली, दुरुस्तीचा परतावा मालकापर्यंत पोहोचेना, मालकांनी दुरुस्ती सोडली, आणि शेवटी १९६९ मध्ये कायदा करून उपकर गोळा करणारे इमारत दुरुस्ती मंडळ स्थापावे लागले. परतावा ज्याला मिळणार त्यानेच खर्च केला तर घर टिकते. खर्च करणारा आणि परतावा मिळवणारा वेगळे झाले की घर मोडकळीला येते, आणि याला मालकाचे चारित्र्य फारसे कारण नसते.

हीच फारकत एकत्र मालकीच्या घरात लहान प्रमाणावर घडते, आणि मुर्ध्यात ती नेहमीची आहे. चार भावंडांपैकी एक घरात राहतो, छप्पर बदलतो, संडास-न्हाणी बांधतो, वीज आणि नळाचे कनेक्शन घेतो. वीस वर्षांनी घर विकले जाते तेव्हा पैसे चार भागांत वाटायचे की त्याचा खर्च आधी वेगळा काढायचा, यावरून नाती तुटतात. वाटणीच्या दाव्यात न्यायालये सहमालकाने केलेल्या सुधारणेची न्याय्य जुळवणी करू शकतात, पण त्यासाठी खर्चाचा पुरावा आणि इतरांची संमती दाखवावी लागते, आणि तेवढा काळ घर विकलेही जात नाही. राहणाऱ्याने वीस वर्षे भाड्याविना उपभोग घेतला हेही दुसऱ्या पारड्यात येतेच. रिचर्ड थेलर यांनी १९८० मध्ये दाखवलेली प्रवृत्ती, की माणूस आपल्या ताब्यातील वस्तूला ती विकत घेताना दिली असती त्याहून जास्त किंमत लावतो, इथे खर्चालाही लागू होते : ज्याने छप्पर घातले त्याला ते बाजारभावापेक्षा मोठे दिसते आणि बाकीच्यांना ते जुने, पाडण्याजोगे दिसते. दोघांच्याही नजरेत खोटेपणा नसतो. म्हणून सहमालकांच्या घरात विक्रीपूर्वीचे पहिले काम रंगाऱ्याला बोलावण्याचे नसून कागद करण्याचे आहे : कोणते काम करायचे, कोणी पैसे घालायचे, ते विक्रीच्या रकमेतून आधी परत घ्यायचे की घ्यायचे नाहीत, आणि घर पाडायलाच विकले गेले तर तो खर्च कोणी सोसायचा, हे सर्वांच्या सह्यांनिशी, बहिणींसह, ठरवून घेतल्यानंतरच कौलाला हात लावावा.